घरट्यातील अपराधी

स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या साउथ युइस्ट बेटावर कोल्हे नाहीत. त्यामुळे टिटवीच्या कुळातील आणि चिखलात चोच खुपसून अन्न शोधणारे इतर पाणपक्षी किनाऱ्यालगतच्या गवतात, जमिनीवरच निर्धास्तपणे अंडी घालीत. पुढे ही अंडी मोठ्या प्रमाणावर नाहीशी होऊ लागली. संशय घ्यावयास कुरव आणि कावळे डोळ्यांसमोर होतेच.

परंतु लुटलेले घरटे स्वतःच साक्ष देते. पक्षी बहुधा अंडे उचलून नेतो किंवा चोचीने त्यास भोक पाडतो. चुरडलेली, बलकाने माखलेली टरफले जागीच पडलेली असतील आणि चोरी रात्रीची असेल, तर चोर निराळा. तो होता हेजहॉग, ओंजळीत मावणारा काटेरी निशाचर प्राणी. बागेतील बिनशंखाच्या गोगलगायी त्याने खाव्यात म्हणून १९७४ मध्ये माणसानेच त्याला बेटावर आणले होते. बाग कोठे संपते आणि घरटे कोठे सुरू होते, हे त्या बिचाऱ्यास कोण सांगणार!

२००३ पासून हेजहॉग पकडून मारले जाऊ लागले. मुख्य भूमीवर सोडल्यास ते हालहाल होऊन मरतील, असे कारण देण्यात आले. प्राणिमित्रांना ते पटले नाही. त्यांनी काही हेजहॉग तिकडे नेऊन सोडले आणि त्यांच्यावर पाळत ठेवली. बहुतेक चांगले जगले. २००७ मध्ये हत्या थांबली. त्यानंतर पकडलेला हेजहॉग जिवंतच समुद्रापलीकडे नेला जाऊ लागला.