कपाट तेच, रंग नवा!

घर आपलं, फर्निचर सासू-सासऱ्यांचं आणि बजेट फक्त पंधरा हजार! अशा वेळी इंटिरिअर डिझायनरपेक्षा पॉलिशपेपर जास्त कामाला येतो.

‘घर घेतलंत, आता इंटिरिअर कधी?’ हा प्रश्न ज्याला कुणी विचारलेला नाही असा तरुण फ्लॅटवाला पुण्यात शोधूनही सापडायचा नाही. आम्हालाही विचारला गेला. एकाने तर टू बीएचकेचं कोटेशनसुद्धा दिलं, साडेचार लाख! त्यात फॉल्स सीलिंग होतं, टीव्ही युनिट होतं, एल शेपचा सोफा होता. नव्हती ती फक्त आमच्याकडच्या माणसांसाठी जागा.

झालं असं, की त्याच सुमारास सासू-सासरे मिरजेचं घर सोडून कायमचे आमच्याकडे राहायला आले. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. त्यांच्याबरोबर टेम्पो भरून सामान आलं. पत्र्याचं कपाट, सागवानी टेबल, लाकडी दांड्यांचा सोफा, सनमायकाचं शोकेस, दोन पाट आणि एक चौरंग. त्यातच नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी केली गेली. म्हणजे एक पगार, एक होम लोन, पाच माणसं आणि दोन घरांचं फर्निचर!

सल्ले भरपूर मिळाले. ‘भंगारात देऊन टाका, सोफा ईएमआयवर घ्या.’ पण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्यांच्या सगळ्या वस्तू आपण दारातूनच परत पाठवतो, ती माणसं आपल्या घरात पाहुणीच राहतात. आई आल्या त्या दिवसापासून पाण्याचा ग्लास घेतानाही विचारत होत्या, ‘हा घेऊ का गं?’ हा प्रश्न साडेचार लाखांच्या इंटिरिअरने सुटणारा नव्हता. मग ठरवलं, सामान ठेवायचं, पण घराचं गोडाऊन होऊ द्यायचं नाही. बजेट पंधरा हजार. मजूर आपणच!

आधी यादी, मग ब्रश

रंगकामातली पहिली पायरी ब्रश विकत घेणं नव्हे, तर आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखणं. फर्निचर फिरवून मागची आणि खालची बाजू बघा. तिथे खरं काय ते कळतं. कडेला एकावर एक थर दिसले तर प्लाय, रेषा वरून थेट कडेवर उतरल्या तर सलग लाकूड. आम्ही घरभर फिरून तीन याद्या केल्या: रंगवायचं, पॉलिश करायचं आणि हात लावायचा नाही.

तिसरी यादी सगळ्यात महत्त्वाची बरं का! बाबांचं टेबल तिच्यात पहिलं. त्याच्यावर त्यांनी बत्तीस वर्षं दहावीचे पेपर तपासलेत. सोशल मीडियावर सगळीकडे पांढरीशुभ्र टेबलं दिसतात, मोह होतोच. पण सागवानावर एकदा ऑइलपेंट बसला, की तो रेषांच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो आणि नंतर पूर्ण निघता निघत नाही. शिसवी आणि सागवान रंगवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासलं तर पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे जुनं लाखेचं पॉलिश. तेवढ्यासाठी मात्र पॉलिशवाला बोलावला. दोन दिवसांत टेबल असं उजळलं, की बाबा चष्मा काढून बघत राहिले. एक टिप: लाखेचं पॉलिश पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते.

कपाटाच्या मालकिणीला विचारून

आता हीरो! पत्र्याचं कपाट. गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली १९२३ साली. तेव्हापासून मराठी घरात कपाट कुठल्याही कंपनीचं असो, त्याला म्हणायचं ‘गोदरेजचं कपाट’! आमचंही तसंच, मिरजेच्या एका फॅब्रिकेटरकडून हप्त्यावर घेतलेलं. रंग अर्थातच सरकारी करडा.

मी मोबाइलवर मोरपंखी कपाटाचा फोटो दाखवला. आई म्हणाल्या, ‘तुमचं घर, तुम्हाला आवडेल तसं करा.’ हे वाक्य ऐकलं की समजायचं, काहीतरी चुकतंय. मी शेडकार्ड त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘आई, कपाट तुमचं, रंग तुम्ही सांगायचा.’ दोन दिवस ते कार्ड त्यांच्या उशाशी होतं. तिसऱ्या दिवशी बोट ठेवलं ते कैरीच्या रंगावर. ‘आमच्या माहेरच्या माजघराच्या भिंतीचा रंग होता हा.’ मला सांगा, हे कुठल्या डिझायनरला सुचलं असतं?

पत्रा रंगवायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा. गंज असेल तिथे तारेच्या ब्रशने घासा. मग बाकीचा जुना रंग वॉटरपेपरने, पाणी लावून, नुसता खरबरीत करा. सगळा खरवडायची गरज नसते, नव्याला धरायला जागा मिळाली की पुरे. उघड्या पत्र्यावर मेटल प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात कधीच नाही, तो ओघळतो. फिनिश घ्या सॅटिन. चकचकीत ग्लॉसमध्ये जुन्या कपाटाचा प्रत्येक पोचा आरशासारखा दिसतो.

रंग किती लागेल? साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची पुढची आणि दोन बाजू मिळून होतात एकोणचाळीस चौरस फूट. एक लिटर इनॅमल दोन हातांत साधारण ऐंशी ते शंभर चौरस फुटांना पुरतो. म्हणजे अर्धा लिटर! दुकानदार चार लिटरचा डबा पुढे करेल, गोड हसून नाही म्हणा.

सनमायकाचा हट्टीपणा

शोकेसने मात्र घाम काढला. सनमायका गुळगुळीत असतो, त्याच्यावर थेट रंग लावला तर महिन्याभरात नखाने निघतो. त्यासाठी १८० ते २२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळी चमक घालवावी लागते, मग गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटणारं खास प्रायमर. नेहमीचं वूड प्रायमर इथे चालत नाही. भोकं आणि टवके लाकडाच्या लांबीने भरा. लांबी म्हणजेच दुकानदाराच्या भाषेत पुट्टी. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी लाकडाला नको, ती तडकते. आणि महत्त्वाचं: रंग काही तासांत हाताला सुका लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर शोकेसमध्ये कपबश्या मांडू नका, नाहीतर त्यांची गोल नक्षी कायमची!

घरात लहान मूल असेल तर हे वाचाच

आमची लेक अडीच वर्षांची, जे दिसेल ते तोंडात! म्हणून रंगाला हात लावण्याआधी मी एक गोष्ट नीट समजून घेतली. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. आईंचं कपाट रंगवलं गेलं तेव्हा असं बंधन नव्हतं. जुना रंग कोरडा घासला की त्याची धूळ उडते, ती जमिनीवर बसते आणि रांगत्या-खेळत्या मुलांच्या हातातून तोंडात जाते. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून आम्ही जुना रंग फक्त ओला घासला. नाकाला मास्क, खाली प्लॅस्टिक, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं आणि कामाचे कपडे वेगळे धुणं. लेक तेवढे दिवस कोथरूडला माझ्या आईकडे. जुना रंग पापुद्रे धरून सुटत असेल, तर मात्र हा उद्योग घरी करूच नका, जाणकार माणसाला द्या. नवीन रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पाण्यात मिसळायचा इनॅमल घेतला तर टर्पेंटाइनचा वासही टळतो.

सजावट लक्ष्मी रोडवरची

रंगीत फर्निचर म्हणजे परदेशी फॅड, असं बाबांचं मत. मी त्यांना सावंतवाडीची आठवण करून दिली. तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा आणि लाखकामाची कला पुन्हा उभी केली. रंगवलेले पाट, चौरंग, खेळणी ही तर आपलीच परंपरा! मग चौरंग आणि पाट बाबांनी स्वतः रंगवले, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांनी. रेषा थोड्या हलल्यात, पण त्याच छान दिसतात.

बाकी घरासाठी एक जुनं सूत्र वापरलं: साठ-तीस-दहा. साठ टक्के शांत रंग, म्हणजे भिंती. तीस टक्के दुसरा, म्हणजे पडदे आणि सोफा. दहा टक्के भडक, म्हणजे आपलं कैरी कपाट आणि चौरंग. त्यामुळे दोन घरांचं सामान एकाच घरातलं वाटायला लागलं. सोफ्याचे दांडे फक्त साफ करून पॉलिश केले, फोम बदलला आणि उशांना लक्ष्मी रोडवरून आणलेल्या खणाची कव्हरं आईंनी मशिनवर शिवली. मुठी आणि बिजागऱ्या बोहरी आळीतून. आठशे रुपयांत शोकेसचा चेहरा बदलला!

हिशेब मांडा

पॉलिशपेपर, ब्रश, रोलर: ९०० रुपये
प्रायमर: ५५० रुपये
रंग: १,४५० रुपये
लांबी, टेप, मास्क वगैरे: ६०० रुपये
पॉलिशवाला, सामानासकट: ३,५०० रुपये
फोम, पडदे, खण: ५,२०० रुपये
मुठी, कड्या, बिजागऱ्या: ८०० रुपये
एकूण: १३,००० रुपये

उरलेल्या दोन हजारांत पिवळ्या प्रकाशाचे दिवे आणि दोन कुंड्या आल्या. वेळ लागला चार वीकएण्ड. यातला रंग लावण्याचा वेळ जेमतेम एक, बाकी तीन गेले धुण्यात, घासण्यात आणि वाळण्यात. कुणी ‘एका दिवसात मेकओव्हर’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

हे सगळं सगळ्यांनी करावं असं नाही. वाळवी लागलेलं लाकूड, कुजलेला प्लाय यांना रंग लावून काही उपयोग नाही, तिथे निरोपच घ्यावा. पण ठणठणीत वस्तू केवळ जुनी दिसते म्हणून कर्ज काढायच्या आधी एकदा तिची मागची बाजू बघा. आणि ती ज्यांची आहे त्यांच्या हातात शेडकार्ड द्या. आमच्याकडे अजून नवीन सोफा आलेला नाही. नवऱ्याला नोकरी लागली तरी तो यादीत बराच खाली आहे. पण परवा शेजारच्या काकू कपाटाकडे बघून म्हणाल्या, ‘अय्या, नवीन घेतलंत?’ मी काही बोलायच्या आत आईंनीच उत्तर दिलं, ‘नवीन कसलं! आमचंच आहे. या ना, बसा, चहा टाकते.’

ग्लास घेताना त्या आता कुणालाच विचारत नाहीत!