माळशिरसची द्राक्षं, मंगळवेढ्याची ज्वारी

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीच्या माळावर वाइनची द्राक्षं पिकतात. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्याच्या भागीदारीतल्या ‘फ्राटेली’ या वाइन कंपनीची ही बाग; इटालियनमध्ये या नावाचा अर्थ ‘भाऊ’. वाइन ही सोलापूरवर लादलेली परकी चैन आहे, असा आक्षेप असतो. पेयापुरता तो खरा आहे. शेतीपुरता मात्र नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षात एकदाच छाटला जातो आणि तोडणी शरदात होते. इथे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी. हे वेळापत्रक इथल्या हवेनं ठरवलं. द्राक्षशेतीही इथे परकी नाही: नान्नजला द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ वाण निवडला, तो याच जिल्ह्यात, खाण्याच्या द्राक्षांसाठी.

बागेत घड भरत असतात तेव्हाच शिवारात हुरडा भाजला जातो, सोबत शेंगाचटणी. पूर्वेकडच्या गावांत वेळ अमावस्येला भज्जी-आंबिलाचं जेवण शेतातच होतं, आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. द्राक्षाला लागणाऱ्या पाण्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तो घेताना शेजारच्या उसाकडे काणाडोळा करणं सोयीचं असतं (राजकारणाला तर फारच). ठिबकवरचा वेल उसापेक्षा कमी पाणी पितो. ज्वारी त्याहून कमी, म्हणून मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची जागा द्राक्षानं घेऊ नये. वाइन चाखायला निमंत्रण देणाऱ्यांनी पाहुण्यांच्या ताटात आधी कडक भाकरी वाढावी. ती इथं वेलाच्या कितीतरी आधीपासून आहे.