गर्भनिरोधक गोळ्यांचा धोका किती? नुकसान झालं तर दाद कुठे मागायची?

पीसीओडी आहे, पाळी अनियमित आहे, चेहऱ्यावरची मुरमं जात नाहीत. अशा तक्रारींवर अनेकदा २१ गोळ्यांची स्ट्रिप लिहून दिली जाते. 'हार्मोनची गोळी' एवढंच कानावर पडतं. ती गर्भनिरोधक गोळीच आहे, हे अनेकींना ठाऊक नसतं. बहुतेक स्त्रियांसाठी ही गोळी सुरक्षित असते, पण काहींच्या ती जिवावर बेतू शकते.

धोका नेमका कशाचा?

एकत्रित गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, तर मृत्यूही ओढवू शकतो.

युरोपियन औषध संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार, गोळी न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळीत (आपल्याकडची माला-डी याच प्रकारची) हे प्रमाण ५ ते ७, तर ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळीत ९ ते १२ आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो.

कोणी जपायला हवं?

- वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपानाची सवय
- डोळ्यांपुढे चमक किंवा रेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी
- उच्च रक्तदाब
- स्वतःला किंवा जवळच्या नात्यात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास
- नुकतंच झालेलं बाळंतपण

एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालय गाठावं आणि गोळी चालू असल्याचं तिथे आवर्जून सांगावं.

दुष्परिणाम झाला म्हणजे डॉक्टर दोषी का?

नाही. गोळीमुळे गुठळी झाली, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. रक्तदाब तपासला का, अर्धशिशीबद्दल विचारलं का, धोका समजावून सांगितला का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. उपचाराला दिलेली संमती पुरेशा माहितीवर आधारलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केलं आहे.

तक्रार कुठे करता येते?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हा १९९५ चा व्ही. पी. शांता निकाल. सर्वांना पूर्णपणे मोफत उपचार देणारी रुग्णालयं त्यातून वगळली आहेत. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हे मार्ग उरतात.

दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे स्वतंत्र तक्रार करता येते, पण नुकसानभरपाई तिथे मिळत नाही.

आणि कंपनीवर?

अमेरिकेत ड्रोस्पायरेनोनच्या 'यास्मिन' आणि 'याझ' गोळ्यांवरून हजारो दावे झाले. बायर कंपनीने चूक मान्य न करता एक अब्जाहून अधिक डॉलर देऊन ते मिटवले.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल, अपुऱ्या इशाऱ्याबद्दलही, भरपाईची तरतूद आहे. अडचण कलम ८७ ची. औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञापर्यंत इशारा पोहोचवण्याची वाजवी व्यवस्था केली असेल, तर इशारा अपुरा होता या कारणावरून कंपनी जबाबदार ठरत नाही. मग प्रश्न पुन्हा डॉक्टरने काय सांगितलं, यावर येतो.

कागद जपा

डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचं बिल, बॅच नंबर असलेली स्ट्रिप आणि तपासण्यांचे अहवाल ठेवा. उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळी घेतली असेल, तर कोणी काय सांगितलं हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यातून भरपाई मिळत नाही, पण औषधावरचे इशारे बदलतात ते अशाच नोंदी जमत गेल्यावर.