एकोणसत्तर म्हणजे किती?

आज हिशोबाबद्दल बोलायचंय, पण आकडेमोडीबद्दल नाही, आकड्यांच्या नावांबद्दल.

मागे एका गटाच्या बैठकीत दोन रुपयांचा मेळ बसेना. अर्धा तास गेला. एकमेकींकडे बघणं सुरू झालं. शेवटी सापडलं: सचिव ताईंनी 'सहाशे एकोणसत्तर' ऐकलं आणि वहीत ६७१ लिहिलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो ताई, एवढं साधं येत नाही?" पुढच्या बैठकीला त्यांनी वही हातात घेतली नाही.

घरी आल्यावर मी विचार केला. 'एकोणसत्तर' या शब्दात कानाला काय ऐकू येतं? एक आणि सत्तर. मग ७१ लिहिलं, यात बाईंचं काय चुकलं? 'एकोण' म्हणजे एक कमी. सत्तरला एक कमी, म्हणून ६९. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास, सगळे असेच. बोलताना पुढच्या दहाचं नाव घ्यायचं आणि लिहिताना मागचं! आणि गंमत बघा, शंभरला एक कमी असेल तेव्हा मात्र आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो.

दुसरी अडचण. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, वीस नंतर. लिहिताना २ आधी, ५ नंतर. म्हणून बावन्नचे पंचवीस होतात. आपल्या शेजारच्या कानडीत 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे वीस-पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं.

आपल्याकडेही २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला 'वीस दोन' असं वाचायची पद्धत आली. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढली नव्हती, तरी खूप वाद झाला. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण मुलं अडखळतात ती या शब्दांपाशीच, हे त्यातून कळलं. मुलं अडखळतात, तर चौथीत शाळा सुटलेली बाई का नाही अडखळणार?

आता 'पावणे'. पावणे म्हणजे पाव कमी. पण कशाचा पाव? पावणेदोनशेमध्ये शंभराचा पाव, म्हणजे २५ कमी: १७५. पावणेदोन हजारात हजाराचा पाव, म्हणजे २५० कमी: १,७५०. सव्वादोनशे म्हणजे २५ जास्त: २२५. आणि अडीचशे म्हणजे २५०.

म्हणून आमच्या गटांत आता तीन गोष्टी करतो. रक्कम सांगणारीने नाव सांगून लगेच एकेक आकडा सुटा सांगायचा: "सहाशे एकोणसत्तर. सहा, सहा, नऊ." लिहिणारीने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि रक्कम आकड्यात लिहिली की शेजारी अक्षरातही लिहायची. बँकेच्या स्लिपवर दोन्ही लिहायला लावतात, ते उगाच नाही.

त्या ताईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला वाटलं माझं डोकंच मंद आहे."

मैत्रिणींनो, डोकं मंद नसतं. शब्द आडवळणाचा असतो. कुणी अडखळली तर हसू नका, "आकडे सुटे सांग" म्हणा. आज रात्री चुलीपाशी बसल्यावर एकोणऐंशी आणि एक्क्याऐंशी लिहून बघा. दोघींत किती फरक आहे, ते पुढच्या बैठकीत सांगा.