संगणकाचीही नाडी तपासावी लागते

मोठ्या रुग्णालयात केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा या सगळ्याची नोंद आता संगणकावर असते. प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेणे परवडत नाही. म्हणून एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात अनेक ‘आभासी’ संगणक चालवले जातात. अशा संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात बहुधा एक मोठी फाइल असते. तिला डिस्क इमेज म्हणतात. ही फाइल बिघडली आणि बॅकअपही धड नसेल, तर हजारो रुग्णांचा पूर्वेतिहास पुसला जातो. कोणाला पेनिसिलिन चालत नाही, हेही मग कळत नाही.

थरावर थर

लिनक्सवरील अशा व्यवस्थेत एकावर एक थर असतात. तळाशी ‘केव्हीएम’, जे २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. त्यावर ‘क्यूईएमयू’. फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर डिस्क इमेज वाचते आणि लिहिते. त्याच्या वर ‘लिबव्हर्ट’, म्हणजे व्यवस्थापकाचे आदेश खाली पोहोचवणारा दुवा. सर्वांत वर व्यवस्थापकाचा पडदा. खालच्या थरात नवी सोय आली म्हणजे वरच्या थराला ती ठाऊक झालीच, असे नाही. आणि वरच्याने नसलेली सोय मागितली, तर काम अडते.

क्रमांकावर विसंबू नये

सुरुवातीला लिबव्हर्ट ही ओळख दोन गोष्टींवरून पटवत असे: क्यूईएमयूचा आवृत्ती क्रमांक आणि त्याचा मदतीचा मजकूर. दोन्ही कच्चे पुरावे. मजकुराची मांडणी बदलली की वाचणारा फसतो. शिवाय रेड हॅटसारख्या कंपन्या नव्या सोयी जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, क्रमांक मात्र जुनाच राहतो. उलट, नव्या आवृत्तीतही एखादी सोय मुद्दाम वगळलेली असू शकते. केवळ वय पाहून रक्तदाब सांगण्यासारखेच हे.

२०१२ च्या सुमारास पद्धत बदलली. लिबव्हर्ट क्यूईएमयूला क्षणभर सुरू करून थेट विचारू लागले, ‘तुला काय काय येते?’ २०१५ च्या अखेरीस आलेल्या २.५ आवृत्तीपासून क्यूईएमयू आपल्या आज्ञांची आणि त्यांतील पर्यायांची सविस्तर यादीच यंत्राला वाचता येईल अशा रूपात देते. उत्तर जपून ठेवले जाते आणि क्यूईएमयू बदलले की पुन्हा विचारले जाते.

फाइलच्या कपाळावरच्या तीन खुणा

डिस्क इमेजही स्वतःबद्दल बोलते. ‘क्यूकाऊ-टू’ या प्रचलित प्रकाराच्या सुधारित रूपात फाइलच्या आरंभी तीन प्रकारच्या खुणा असतात.

पहिली : ‘ही सोय कळत नसेल तर हात लावू नका.’ २०२० च्या ५.१ आवृत्तीत आलेली झेडस्टँडर्ड पद्धत वापरून दाबलेली इमेज जुने क्यूईएमयू उघडतच नाही. ते नकार देते, आणि तेच योग्य आहे.

दुसरी : ‘कळली नाही तरी बिघडत नाही.’

तिसरी सर्वांत शहाणपणाची : ‘कळत नसेल आणि तुम्ही फाइलमध्ये लिहिणार असाल, तर ही खूण पुसा.’ कालपासून डिस्कचे कोणते भाग बदलले, याचा एक नकाशा इमेजमध्ये ठेवता येतो. त्यामुळे रोजचा बॅकअप फक्त बदललेल्या भागांचा घेता येतो. आता हीच इमेज जुन्या सर्व्हरवर चालली, तर नवे लिखाण होईल, पण नकाशात त्याची नोंद होणार नाही. खूण पुसली गेल्यामुळे नव्या क्यूईएमयूला नकाशा शिळा झाल्याचे कळते, आणि पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो. खूण तशीच राहिली असती, तर मधल्या दिवसांच्या नोंदी गुपचूप सुटल्या असत्या. ते उघड झाले असते बॅकअप परत घेण्याची वेळ आल्यावर, म्हणजे फार उशिरा.

काय करावे?

• एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअर नवे करून थांबू नये. आभासी संगणक ज्या ज्या सर्व्हरवर हलू शकतो, त्या सर्वांची क्षमता तपासावी.

• नवी सोय चालू करण्यापूर्वी ‘क्यूईएमयू-इमेज’ साधनाने इमेजची माहिती पाहावी आणि लिबव्हर्टकडून क्षमतांची यादी मागवावी.

• इमेजची दुरुस्ती आभासी संगणक बंद असतानाच करावी. चालू इमेज दुरुस्त करायला जाणे म्हणजे ती बिघडवणे.

• बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उघडून पाहावा. ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश म्हणजे खात्री नव्हे.

रुग्णालयाचे व्यवस्थापन हे काम कंत्राटदारावर सोपवू शकते, जबाबदारी मात्र सोपवता येत नाही. ‘बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला?’ एवढा एक प्रश्न दर महिन्याच्या बैठकीत विचारला, आणि उत्तरात तारीख मागितली, तरी बरेच साधेल.