कुलूप कोणाच्या नावावर?

वाळूजच्या एका कारखान्यातून सोमवारी सकाळी सव्वाआठला फोन आला. "सर, लॉक निघत नाहीये." पोरगा हुशार आहे, पण आवाज रडवेला झाला होता. डाय डिझाइनच्या खोलीत पाच लिनक्स संगणक, पाचांच्याही फायली एका सर्व्हरवर. शनिवारी रात्री लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे तगला, संगणक मात्र बसले. तेव्हापासून एक फाइल उघडायला गेलं की पडद्यावर एकच तक्रार येई : ही दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे. पाचही संगणक बंद करून झाले, तरी तो 'दुसरा कोणीतरी' जागचा हलेना.

मी विचारलं, "अरे, शुक्रवारी कोणी कशाला हात लावला होता का?" तो जरा घुटमळला. सगळ्या संगणकांना नीटनेटकी नावं द्यावीत म्हणून त्यानेच एकाचं नाव बदललं होतं. नवं नाव लागू झालं ते लाइट आल्यावर, संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा. त्यातच राउटरने त्याला पत्ताही वेगळा दिला. कुलूप जुन्या नावावर होतं आणि त्या नावाचा माणूस आता गावात राहत नव्हता.

नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची ही पद्धत, म्हणजे एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४च्या सुमारास तयार केली. कंपनी १९८२ची. तिच्या चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला, जन्म पुण्याचा, १९५५चा. सनच्या अभियंत्यांनी तेव्हा घेतलेला एक निर्णय आजही आपल्याला सोमवारी सकाळी फोन करायला लावतो. त्यांनी सर्व्हर विसराळू ठेवला. कोणी कुठली फाइल उघडली याची तो नोंदच ठेवत नाही. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असते. निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला, तर संगणक तीच मागणी पुन्हा करतो आणि काम पुढे चालू होतं. ज्या गावात लाइट कधीही जाते, त्या गावाला असा सर्व्हर मानवतो.

पण लॉक म्हणजेच आठवण. कोणी घेतलं आणि किती भागावर घेतलं, हे कोणीतरी ध्यानात ठेवलंच पाहिजे. मग विसराळू सर्व्हरच्या शेजारी दोन आठवणीवाले कारकून बसवले गेले. एक लॉकडी, जो कुलपं देतो-घेतो. दुसरा स्टॅटडी, जो कोणाकोणाशी कुलपाचा व्यवहार झाला त्यांची नावं डिस्कवर लिहून ठेवतो. संगणक बंद पडून पुन्हा उठला, की त्याच्याकडचा कारकून सर्व्हरला निरोप धाडतो, 'मी अमुक, आत्ताच उठलो, माझी जुनी कुलपं मोकळी करा.' सर्व्हर यादी चाळतो, नाव जुळलं तर कुलपं काढतो. वाळूजला निरोप गेला होता, पण नव्या नावाने. यादीत ते नाव नव्हतं, म्हणून जुन्या नावाचं कुलूप तसंच लटकत राहिलं.

सर्व्हरची एनएफएस सेवा नव्याने सुरू केली आणि फाइल उघडली. त्याच सर्व्हरवर पगाराचं काम करणाऱ्या बाई दोन मिनिटं चिडल्या, तेवढंच.

कुलपाच्या गोंधळाचा दुसरा प्रकार आपल्या शहराला शोभणारा आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण मिरवतो. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली बांधला, त्याला चारशे वर्षं उलटली. वाळूजला तेव्हा होती त्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीचीही हीच हौस. मुख्य दरवाजा २०४९ क्रमांकाचा, चौकशीची खिडकी १११वर. लॉकडी आणि स्टॅटडी मात्र दर वेळी मिळेल तो रिकामा दरवाजा धरून बसतात. फायरवॉल लावणारा पहिले दोन आणि माउंटसाठी लागणारा दरवाजा उघडतो आणि निश्चिंत होतो. मग फायली दिसतात, वाचता येतात, लिहिताही येतात. लॉक मागितलं की प्रोग्रॅम गोठतो, नाहीतर 'नो लॉक्स अव्हेलेबल' म्हणून हात वर करतो. लिनक्समध्ये ही ३७ क्रमांकाची त्रुटी. कुलपं संपली असं तिच्या शब्दांवरून वाटतं, पण बहुतेक वेळा कारकूनच जागेवर नसतो किंवा त्याच्यापर्यंत वाट नसते. 'आरपीसीइन्फो' ही आज्ञा सर्व्हरवर कोण कुठल्या दारात बसलंय ते सांगते. दोघा कारकुनांना ठरावीक दरवाजे नेमून द्या आणि तेच उघडा. हे संगणकाच्या बाजूलाही करावं लागतं, कारण रांगेत ठेवलेलं कुलूप मोकळं झालं की सर्व्हर उलटा निरोप पाठवतो. ही बाजू जाणतेसुद्धा विसरतात.

चौथ्या आवृत्तीने हा पसारा आवरला. तिचं पहिलं प्रस्तावित मानक डिसेंबर २०००मध्ये प्रसिद्ध झालं, सुधारित २००३मध्ये. लॉकिंग मूळ व्यवहारातच आलं, दरवाजा एकच उरला, २०४९. कुलूप आता भाडेकरारावर मिळतं. लिनक्स सर्व्हरवर मुदत सहसा ९० सेकंदांची. तेवढ्यात संगणकाने हजेरी लावली नाही, तर कुलूप जप्त करायचा हक्क सर्व्हरला. २०२२च्या ५.१९ कर्नलपासून सर्व्हर थोडा भिडस्त झाला आहे. मुदत टळली तरी दुसरा कोणी तेच कुलूप मागेपर्यंत तो जुन्या भाडेकरूला सहसा काढत नाही.

एवढं झाल्यावर गोंधळ संपायला हवा होता. तो संपला नाही हे मला शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कळलं. तिथे चौथीच आवृत्ती होती, फायरवॉल निर्दोष होती, तरी तास सुरू झाला की मुलांची कुलपं आपोआप गळून पडत. एकट्या मुलाने काम केलं तर काही होत नसे. दहा बसले की धिंगाणा. मी दोन दिवस केबल आणि स्विच तपासत बसलो, ते दोन दिवस वायाच गेले. तिसऱ्या दिवशी सर्व्हरवरची जोडलेल्या संगणकांची यादी उघडली, तर सगळ्यांचं नाव एकच : लोकलहोस्ट. एका संगणकावर सगळं बसवून त्याच डिस्कची नक्कल बाकीच्यांवर उतरवली होती, आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं.

चौथ्या आवृत्तीत लिनक्स संगणक आपली ओळख मुख्यतः स्वतःच्या नावावरूनच सांगतो. खिडकीशी त्याच नावाचा दुसरा माणूस आला, की सर्व्हरला वाटतं पहिलाच बंद पडून पुन्हा उठलाय. म्हणून तो पहिल्याची कुलपं मोकळी करतो. मग पहिला परत हजर होतो आणि दुसऱ्याची जातात. रेशनच्या यादीत दोन सखाराम असले की जे होतं तेच. प्रत्येक संगणकाला वेगळं नाव दिलं, आणि नावं पुन्हा कधी सारखी झाली तरी अडू नये म्हणून एनएफएसच्या मॉड्यूलला स्वतंत्र ओळखक्रमांकही दिला. गळती थांबली.

तिसऱ्या आवृत्तीतल्या एका पळवाटेबद्दल मात्र मी कडक आहे. लॉकचा त्रास झाला की 'नोलॉक' पर्याय लावून माउंट करा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्रुटी खरोखर गायब होते, कारण कुलूप त्या एका संगणकापुरतंच उरतं. दोघे जण एकाच फाइलवर खुशाल लिहितात आणि महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही. एकच संगणक वापरणार असेल तिथे चालेल. डेटाबेससाठी तर नकोच. एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच आपल्या डेटाबेसची फाइल नेटवर्कवर ठेवण्यापासून सावध करतात. जुने प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : 'फ्लॉक' प्रकारचं लॉक २.६.१२ कर्नलच्या आधी एनएफएसवर जातच नसे. आता जातं, पण एकट्याचं कुलूप हवं तर फाइल लिहिण्यासाठी उघडलेली लागते.

वाळूजचा पोरगा आता चौथ्या आवृत्तीवर आला आहे. पाचही संगणकांची नावं आणि कायम पत्ते त्याने एका कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवले आहेत. मागच्या महिन्यात यूपीएसच दगावला आणि सर्व्हरही बसला, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला : सर्व्हर उठलाय, पण एकही नवं कुलूप देत नाहीये. जुन्या भाडेकरूंना आपली कुलपं परत मागता यावीत म्हणून सर्व्हर उठल्यावर भाडेकराराच्या मुदतीएवढा वेळ नव्यांना थांबवतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, काही करू नकोस. नव्वद सेकंद थांब."