उपाध्यांच्या वाड्यात उतरलेले

‘गाव कोणतं? आडनाव काय?’ नाशिकला आलेल्या यात्रेकरूच्या कानावर सगळ्यांत आधी हेच दोन प्रश्न पडत. उत्तर मिळाले की त्या गावाचे, त्या घराण्याचे उपाध्ये कोण हे ठरून जाई आणि मंडळी त्यांच्या वाड्याकडे वळत. लॉज नव्हते तेव्हा गोदाकाठचा मुक्काम तीर्थोपाध्यांच्या घरीच व्हायचा. खोलीचे भाडे ठरलेले नसे. श्राद्ध, पिंडदान, रामकुंडावरचे स्नान उरकले की दक्षिणा द्यायची, आणि ती देताना घासाघीसही व्हायची. फुकट काहीच नव्हते.

या घरमालकांची खरी इस्टेट मात्र वाडा नव्हे, वही.

लांबट, जाड, कापडात बांधलेल्या या वह्यांना नामावळी म्हणतात. गाव, आडनाव, आजोबा, वडील, भाऊ, मुले, कशासाठी आलो, आणि खाली सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. जुनी मराठी पाने मोडी लिपीत आहेत, परप्रांतीयांनी आपापल्या लिपीत लिहिले आहे. पणजोबांची सही पाहून डोळे भरून आलेला माणूस दक्षिणेत हात आखडता घेत नाही, हे उपाध्यांनी पिढ्यानपिढ्या ओळखले आहे. कोणत्या गावचे यजमान कोणत्या उपाध्यांचे, हा हक्क वारशाने चालतो. घराण्यात वाटण्या झाल्या की शेताबरोबर गावेही वाटली जात. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच वह्या आहेत.

आगगाडीने गर्दी वाढवली. स्टेशन गावापासून दूर, म्हणून १८८९ मध्ये नाशिक रोड ते नाशिक घोड्यांची ट्राम सुरू झाली. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की वाडे अपुरे पडत. धर्मशाळा हव्याच होत्या.

दुसरी अडचण जागेची नव्हती. आडनाव विचारून दार उघडणाऱ्या व्यवस्थेत काही आडनावांना दार उघडत नसे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला, तरी मंदिर उघडले नाही. नामावळीचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

गोदाकाठीच गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. जवळच्या पुलालाही त्यांचेच नाव आहे. धर्मशाळेचा मालक कोण, हा प्रश्न गाडगेबाबांनी शिल्लकच ठेवला नाही. लोकांकडून पैसा उभा करायचा, इमारत बांधायची, ती विश्वस्तांच्या हाती सोपवायची आणि आपण झाडू घेऊन पुढच्या गावी जायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५६ मध्ये गाडगे महाराज गेले तेव्हा मागे शिष्यांची गादी नव्हती. नाशिकच्या मुक्कामाच्या इतिहासात हा घरमालक सगळ्यांत मोठा, असे आमचे मत.

आज बहुतेक यात्रेकरू हॉटेलात उतरतात, पण अस्थिविसर्जनाला आले की उपाध्यांना शोधतातच. वही अजून उघडते. पुढचा सिंहस्थ २०२७ चा. तेव्हा किंवा त्याआधी जाणार असाल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना मूळ गाव आणि पणजोबांचे नाव विचारून जा. आजच्या आडनावावरून पान सापडेलच असे नाही. आणि पान सापडले की त्यावर लेकी-सुनांची नावेही लिहून या.